गफूरभाईंचा ढिला हात

आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं तर मला कोणी हाक मारत नाही. माझे हात देवानं पंगतीत द्रोण सावरण्यापुरतेच घडवले आहेत असं आमच्या हिचं मत आहे, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्या मताला धक्का बसेल असं मी काही केलेलं नाही. ती स्वतःच बरणी पोटाशी धरते, झाकणावर पंजा ठेवते आणि पुटपुटते, "हात ढिला, हात ढिला." झाकण निघतं. आमची लेक स्कूटी शिकली ती याच दोन शब्दांवर. पुतण्या म्हणे परीक्षेत पेन धरतानाही ते म्हणतो. मार्कांवरून तसं वाटत नाही, पण म्हणतो.

हे शब्द गफूरभाईंचे. घरातल्या कोणीही त्यांना पाहिलेलं नाही. तरी दिवाळीला सगळे जमले की फर्माईश येते, "काका, मशीननं तुम्हाला स्टेजवर नेलं ते सांगा ना." मी सांगतो, हातवारे करून सांगतो. सगळे हसतात, आणि मी तिथेच थांबतो. पुढची गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नाही. यंदा सांगायची असं ठरवून बसलो होतो, तेवढ्यात चिवड्याचं ताट आलं आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याचीच नंतर लाज वाटली. म्हणून लिहितो आहे.

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ होता. मग प्रत्येकाच्या खिशात एकेक स्टुडिओ आला आणि माझा बंद पडला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी विनूभाऊंकडे कामाला लागलो. विनूभाऊ मंगल कार्यालयं, हॉटेलं, ऑफिसं यांच्या सफाईची कामं घेत. त्यांच्या लग्नाचा अल्बम मीच केला होता. तरी त्यांनी मला काम दिलं, यावरून त्यांचा मोठेपणा लक्षात यावा.

पहिल्या दिवशी बडनेरा रोडवरच्या एका हॉलमध्ये मला कार्पेट धुण्याच्या मशीनपुढे उभं केलं. खाली परातीएवढा गोल ब्रश, त्यावर मोटर, आणि मागे छातीपर्यंत येणारा दांडा. दांड्याच्या मुठीखाली एक खटका. खटका दाबला की ब्रश फिरतो, सोडला की थांबतो. एवढंच. मी दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि खटका दाबला.

ते यंत्र डावीकडे निघालं. मी उजवीकडे ओढलं, तर ते चिडल्यासारखं आणखी डावीकडे गेलं. खुर्च्यांची एक रांग आडवी करून आम्ही दोघं हॉलच्या मध्यातून स्टेजला लावलेल्या उतरत्या फळीवरून थेट वर चढलो आणि नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांच्या मधोमध अडकलो. एवढ्या प्रवासात खटका सोडावा हे मला सुचलं नाही. सुचणारच नव्हतं. माणूस घाबरला की मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की खटका दाबलेलाच राहतो.

एक बुटके, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ हातात चहाची बशी घेऊन शांतपणे स्टेजवर आले. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, अंगात बनियान. त्यांनी बशीतला चहा आधी संपवला. मग म्हणाले, "बसा आता नवरदेव. नवरी येऊन राह्यली."

मग माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून एकेक बोट उचललं. मशीन थांबलं.

"कोन व्हय तू?"

"फोटो स्टुडिओ होता माझा."

"मंग फोटोवाले, एक सांग. तू मशीन चालवून राह्यला होता का मशीनसंग कुस्ती खेळून राह्यला होता?"

सुनीताताई म्हणून आमच्याकडे होत्या, मागून पाणी ओढायचं मशीन त्या चालवायच्या. त्या पदर तोंडात धरून हसत होत्या.

गफूरभाईंनी डाव्या हातात दुसरी बशी घेतली, उजव्या हाताचा तळवा दांड्यावर नुसता ठेवला आणि दोन बोटांनी खटका धरला. दांडा केसभर वर उचलला, मशीन उजवीकडे सरकलं. केसभर खाली केला, डावीकडे आलं. असं करत करत त्यांनी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक पट्टा धुऊन काढला. बशीतला चहा हलला नाही.

"वर केलं का उजवा, खाली केलं का डावा. ताकद मोटरीची. तुही नाई. तू फक्त सांगाचं, ढकलाचं नाई. हात ढिला."

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात पाठ आहे.

गफूरभाई मूळचे अकोल्याचे, पिढीजात पिंजारी. भिंतीवरून टांगलेली ती मोठी पिंजण, तिची ताणलेली तात, आणि तातेवर ठोकत कापूस पिंजायचा. वऱ्हाडात कापसाला काय कमी. हिवाळा आला की गल्लोगल्ली गाद्या पिंजून द्यायचे. मग फोमच्या गाद्या आल्या. गफूरभाई म्हणायचे, "तुह्या धंद्याले मोबाईलनं खाल्लं, माह्या धंद्याले फोमनं. आपन दोघं एकाच ताटातले उष्टे."

पण हात पिंजाऱ्याचाच राहिला होता. त्यांचे अब्बा म्हणे त्यांच्या मुठीत कापसाचा बोळा ठेवायचे आणि वरून पिंजण धरायला लावायचे. संध्याकाळी मूठ उघडायची. बोळा चपटा झालेला असेल तर एक टप्पल. "पिंजण थरथरते. तिले आवळून धरलं का सारी थरथर तुह्या मनगटात येते. ढिली धर, ते कापसात जाते." मशीनही थरथरतंच. त्यांनी पिंजणीचा धडा जसाच्या तसा मशीनला लावला होता.

त्यांचे नियम होते आणि ते आम्हा सगळ्यांना पाळावे लागत. दांडा मांडीच्या सांध्याला येईल इतका खाली घ्यायचा, छातीशी नाही. कोपर अंगाला चिकटलेलं. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. चार पट्टे झाले की हात बदल. पाणी ओढणाऱ्या नळीचा बंदुकीसारखा घोडा जाताना दाबायचा, येताना सोडायचा, म्हणजे बोटाला अर्धा वेळ सुट्टी. आणि ओलं फडकं हातानं पिळायचं नाही. ते नळाला वेढा घालायचं आणि दोन्ही टोकं धरून एकदाच पीळ द्यायचा. सुनीताताई घरी जाऊनही कपडे तसेच पिळायला लागल्या, तर त्यांच्या सासूनं नळ तुटेल म्हणून आठवडाभर अबोला धरला.

दर अर्ध्या तासानं गफूरभाई मशीन थांबवायचे आणि दोन्ही हात खाली सोडून बोटं झटकायचे, ओल्या हातांवरचं पाणी उडवावं तशी. एकदा एका हॉटेलात मालकाच्या आई तिथं बसल्या होत्या. त्यांना वाटलं हा माणूस आपल्यावर काही मंत्र टाकतो आहे. त्यांनी घाबरून नमस्कार केला. गफूरभाईंनी तितक्याच अदबीनं सलाम केला आणि मला म्हणाले, "पाह्यलं? हाताले आराम दिला का दुनिया इज्जत देते."

"हात कामाले लावाचा," ते नेहमी म्हणायचे, "कामाले देऊन नाई टाकाचा. अन् खटका काहून देला कंपनीनं? चालवासाठी नाई. सोडासाठी. ज्याले सोडता येत नाई त्यानं धरू नये."

हे सगळं मी मन लावून शिकलो. माझं मनगट आज शाबूत आहे ते या माणसामुळे.

एका सकाळी त्यांची बशी पडली.

बशी पडते, त्यात काय. पण ते पडलेल्या बशीकडे असे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कोणाच्या हातातून पडली होती. काही दिवसांनी मी त्यांना कढत पाण्याच्या बादलीत बोटं घालताना पाहिलं. मी ओरडलो. त्यांनी हात काढला, लाल झालेली बोटं बघितली आणि म्हणाले, "गरम होतं का?"

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आधी मुंग्या येऊन, मग बधिर होऊन गेली होती. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं मनगटावर टकटक केलं, हात वाकवून पाहिला. म्हणाला, मनगटात नस दबली आहे. वर्षानुवर्षांची थरथर. हाताला पूर्ण आराम पाहिजे, रात्री पट्टा, आणि पुढं छोटं ऑपरेशन. मशीनला तर हात लावायचाच नाही.

"अन् नाई ऐकलं तं?"

"तर पकड जाईल बाबा. मग परत येईल असं सांगता येणार नाही."

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. मी म्हणालो, "तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता. तुम्हाला कसं झालं?"

"पिंजण तीस साल चालवली. मशीन बारा. अन् घरी जुबेदाले उचलतो, बसवतो, न्हाऊ घालतो. तिथी कोनता हात बदलू?" मग म्हणाले, "नियम नसते पाळले तं हे धा साल पयलेच झालं असतं."

जुबेदाभाभींची, म्हणजे गफूरभाईंच्या बायकोची, उजवी बाजू लकव्यानं गेली होती. मी एकदा सकाळी गफूरभाईंना घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा ते तिच्या मागं बसून वेणी घालत होते. भाभींचे केस कमरेच्या खाली येत. शेजारणींनी सांगून पाहिलं होतं, कापून टाका, किती सोपं पडेल. त्या म्हणाल्या होत्या, "हात गेला, पाय गेला. केस तं राहू द्या." तेव्हा गफूरभाई वेणी शिकले. कापसाचा तंतू न तंतू सुटा करणारी बोटं ती. इतकी सरळ, घट्ट वेणी मी आमच्या घरातही पाहिली नव्हती, आणि आमच्याकडे तीन बायका आहेत.

त्या दिवशी मात्र वेणी मानेपाशीच तिरपी झाली होती. गफूरभाईंनी ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. मग मला म्हणाले, "तीन पदर असते. बोटाले तीनही समजले पायजे. आता दोनच समजते. तिसरा डोयानं शोधा लागते."

ते चहा टाकायला आत गेले तशी भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "फोटोवाले, तुमच्या दोस्ताले वाटते मले मागचं दिसत नाई. डोकं माह्यं हाय. मले महिनाभरापासून समजून राह्यलं. मी बोलत नाई. तुमी बी नका बोलू."

मग ऑपरेशन का नाही केलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. ऑपरेशन म्हणजे हात बांधलेला. मग भाभींना उचलायचं कोणी, आणि मशीन चालवायचं कोणी. विनूभाऊ वाईट नव्हते. पण आदल्या वर्षी कंबर धरलेल्या एका म्हाताऱ्याला ते अगदी प्रेमानं म्हणाले होते, "काका, आता घरी आराम करा." त्यानंतर त्या काकांना कधी बोलावणं गेलं नाही. "आराम" हा शब्द गफूरभाईंना शिवीसारखा लागायचा. "लग्नसराई होऊ दे," ते म्हणायचे. "दोन महिने. मंग करतो."

पण दोन महिने हात थांबायला तयार नव्हता. ढिला धरायला सुद्धा हाताला आधी धरणं समजावं लागतं. बोटांना खटका कळेना. ती नकळत त्याच्यावरून घसरायची आणि मशीन मधेच बंद पडायचं. दिवसातून दहा वेळा, मग वीस वेळा.

एका सकाळी त्यांनी मला हॉलच्या मागच्या मोरीत बोलावलं. खिशातून जुन्या लुगड्याची चिंधी काढली. उजवा हात दांड्यावर ठेवून खटका दाबला, मशीनचा प्लग अर्थातच काढलेला होता, आणि म्हणाले, "बांध. हात अन् खटका, दोन्हीवरून."

मी मागं सरकलो. "गफूरभाई, सोडता आलं पाहिजे म्हणता ना तुम्ही."

"ते शिकवाचं होतं. हे कराचं हाय."

"मग सुनीताताईंना सांगा. माझी गाठ टिकत नाही."

"म्हनून तं तुले सांगून राह्यलो बे. तुही गाठ झटका बसला का सुटते. मले तशीच पायजे."

माझ्या गाठी हा आमच्या घरातला दुसरा विनोद. माझ्या बुटाची नाडी घरापासून कोपऱ्यापर्यंत टिकत नाही. लग्नात आमच्या शेल्याची गाठ तिसऱ्या फेऱ्याला सुटली. ती मी बांधलेली नव्हती, पण दोष माझ्याच खात्यात आहे. तर मी गाठ बांधली. चालू-बंद करायला ते डाव्या हातानं भिंतीवरचं बटण वापरू लागले. तीन आठवडे मी रोज सकाळी ती ढिली गाठ बांधत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हाताला फडकं गुंडाळलं आहे. विनूभाऊंना काही कळलं नाही. आम्ही दोघं कुठलीतरी मोठी बाजी मारल्यासारखे एकमेकांकडे बघायचो.

मग एक दिवस ती गाठ कामात सारखी सुटायला लागली. सकाळपासून चार वेळा सुटली. चारही वेळा मशीन थांबलं, कार्पेट अर्धं ओलं राहिलं, आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या मोज्यांना फेस लागला. हॉलच्या मॅनेजरनं विनूभाऊंना फोन केला. विनूभाऊ गफूरभाईंना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी मी येतो. पाहतो काय ते. तुम्ही थकले असाल तर सांगा."

गफूरभाई घरी जाताना बोटं झटकायलाही विसरले.

त्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला म्हणालो, मला पक्की गाठ शिकव. ती शाळेच्या शिबिरात शिकली होती, जितकी ओढाल तितकी आवळणारी. खुर्चीच्या पायावर मी ती तासभर घोटली. घरात केवढं कौतुक. हिनं शेजारणीला बोलावून दाखवलं, "पाहा, यांना गाठ आली." मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टी ओली केली तर अजून घट्ट बसते." मी ते लक्षात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांचा मला अभिमान वाटला. कशासाठी शिकतो आहे ते त्यांना सांगितलं नाही.

सकाळी मोरीत मी चिंधी नळाखाली धरली, पिळली आणि ती गाठ मारली. गफूरभाईंनी हात हलवून पाहिला. हलला नाही.

"पक्की हाय का?"

"पक्की आहे," मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो असणार.

ते गाठीकडे बघत राहिले. "पक्की नाई पायजे होती," असं म्हणत त्यांनी डावा हात तिच्याकडे नेला, तेवढ्यात फाटकातून विनूभाऊंच्या मोटारसायकलचा आवाज आला. त्यांनी डावा हात खाली घेतला आणि मशीन घेऊन हॉलमध्ये गेले.

इतकं सुरेख काम मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. एकापुढं एक सरळ पट्टे. विनूभाऊ खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होते, मधेच मान वर करून समाधानानं हलवत होते. खांबाजवळ दोन कार्पेटांचा जोड होता. जोड आला की गफूरभाई नेहमी मशीन थांबवायचे, काठ पायानं दाबून पाहायचे, मग पुढं जायचे. त्या दिवशी थांबायचं तर बटण हॉलच्या दुसऱ्या टोकाला. ते थांबले नाहीत.

काठ ब्रशमध्ये गेला. ब्रश अडकला, आणि ब्रश अडकला की वरचं मशीन फिरतं, दांड्यासकट. गफूरभाई दांड्याबरोबर फिरले. "सोड, सोड," ते ओरडत होते. मला वाटलं मला सांगत आहेत. आता वाटतं, स्वतःच्या हाताला सांगत होते. दुसऱ्या फेऱ्यात हात दांड्यासकट दगडी खांबावर आदळला.

मी धावलो, आणि काय केलं, तर गाठ सोडायला लागलो. फिरत्या दांड्याला लटकून मी माझीच गाठ शोधत होतो. सुनीताताईंनी भिंतीतून प्लग उपटला तेव्हा ते थांबलं. तरी गाठ सुटेना. ओली, ओढलेली, मुलीनं सांगितलं होतं तशीच बसलेली. शेवटी सुनीताताईंनी भटारखान्यातून सुरी आणून ती कापली.

"हे कोणी बांधलं?" विनूभाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

गफूरभाई जमिनीवर बसले होते, मनगट मांडीवर, भलत्याच दिशेला वळलेलं. ते म्हणाले, "म्या. दातानं."

मी गप्प बसलो.

दवाखान्याचं विनूभाऊंनी पाहिलं. मनगट दोन जागी मोडलं होतं. नस आधीच गेलेली. प्लास्टरमध्ये हात घेऊन गफूरभाई खाटेवर पडले होते तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "मी विनूभाऊंना खरं सांगतो."

"अन् त्यानं काय होईन? आता मशीन कोन चालवते? तूच. दोघायनं घरी बसून काय कराचं?" मग डोळे मिटून म्हणाले, "गाठ चांगली होती बे तुही."

मी मान हलवली. किती पटकन हलवली ते मला अजून आठवतं.

प्लास्टर निघालं, पण मूठ वळली नाही. गफूरभाई भाभींना घेऊन अकोल्याला गेले, भाभींच्या भावाकडे. त्यांच्या जागी मी मशीन चालवतो. नवे लोक आले की त्यांना बशीतला चहा न हलवता पट्टा काढून दाखवतो. ते चकित होतात. मी त्यांना सांगत नाही, की ही विद्या माझी नाही, आणि ज्याची होती त्याचं मी काय केलं.

गेल्या हिवाळ्यात एका नात्यातल्या लग्नासाठी अकोल्याला जाणं झालं. सकाळी वेळ काढून गफूरभाईंकडे गेलो. एका लांबट घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली, पुढं थोडी ओटी. ओटीवर भाभी पाट घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या मागं गफूरभाई. दाढीला मेंदी नव्हती. पूर्ण पांढरी झाली होती.

"या, फोटोवाले. टायमावर आले. मजूर पायजेच होता."

वेणी चालली होती. एक पदर भाभींनी आपल्या चांगल्या, डाव्या हातात डोक्यामागं धरला होता. एक गफूरभाईंच्या डाव्या हातात. तिसरा ते दातात धरत. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं अर्धवट वाकलेली, जणू दांड्यावर ठेवलेली असावीत. एक गुंफण झाली की पदर बदलायचे, दातातला हातात, हातातला भाभींकडे. पुष्कळदा सुटायचं. मग पहिल्यापासून.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"मोजत नाई," भाभी म्हणाल्या. "कटिंग करून टाका म्हनते आता हेच. मी म्हटलं, मंग दिवसभर कराल काय तुमी?"

गफूरभाईंनी दातातला पदर माझ्याकडे केला. "धर."

मी धरला. मूठ आवळूनच धरला. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं.

"ढिला धर. केस हायेत तिचे."

तिघांनी मिळून वेणी शेवटापर्यंत नेली. तिरपीच झाली. टोकाला लाल फीत लावायची होती. भाभींचा हात तिथवर पोचत नव्हता आणि गफूरभाईंच्या एका हाताला ते शक्य नव्हतं. एरवी भावाची बायको बांधून देते, ती बाजारात गेली होती.

"बांध," गफूरभाई म्हणाले.

मी फीत हातात घेऊन नुसता बसून राहिलो. मला ती शिबिरातली गाठ अजून येते. विसरायचा प्रयत्न केला, हात विसरत नाहीत. त्यांनी ओळखलं असावं. ते माझ्या बोटांकडे बघत थांबून राहिले. मी एक साधी गाठ मारली, माझी जुनी.

मग पोहे झाले, चहा झाला. चहा त्यांनी बशीत ओतला नाही. कप डाव्या हातात धरून प्यायले. लग्नाची वेळ झाली म्हणून मी उठलो. खरं सांगायचं ते याही वेळी सांगायचं राहिलं. ते त्यांना आधीपासून ठाऊकच आहे, मग कोणाला सांगायचं, अशी मी वाटेत स्वतःची समजूत घातली.

फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून भाभींचा आवाज आला, "सुटली पाहा. फोटोवाल्याची गाठ."

मी वळून पाहिलं. फीत खाली ओटीवर पडली होती आणि वेणी शेवटाकडून उलगडत वर चालली होती. परत जावं की नाही हे मला ठरवता येईना. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डाव्या हातानं सगळे केस पुन्हा मोकळे केले, तीन वाटे केले, एक भाभींच्या हातात दिला आणि एक दातात धरला.